दोसोलीना आणि अठ्ठावन्न चेहरे

दोसोलीना क्रान्योलीनचा जन्म रस्त्यात झाला. १९१७ चा ऑक्टोबर सरत आला होता. इटलीची आघाडी मोडली होती, ऑस्ट्रियाचं सैन्य मागून येत होतं आणि आमचं कोलसोरेत गाव अर्धंअधिक रिकामं होऊन तालियामेंतो नदीच्या पुलाकडे पळत सुटलं होतं. तिची आई पावसात, एका बैलगाडीच्या खाली बाळंत झाली. पुढे आई येईल त्याला सांगायची, "हिच्या अंगात रक्त कमी आणि भीतीच जास्त. दूध प्यायच्या आधी भीती प्यायली आहे पोर."

आणि खरंच ती भित्री होती. विजेला भ्यायची, कुत्र्याला भ्यायची, शिक्का मारलेल्या कागदाला तर फारच भ्यायची. जिन्यात अंधार असला तर एकटी चढत नसे. लग्न ठरलं होतं ते हिनंच मोडलं. नवरा मुलगा चुन्याच्या खाणीत सुरुंग लावायचं काम करायचा, एवढंच कारण. म्हणाली, "रोज संध्याकाळी दारात उभी राहून मी मरून जाईन."

अठराव्या वर्षी ती आमच्या चित्रकार मंडळात झाडलोट करायला आली आणि तिथेच राहिली. मी मंडळात आलो १९७५ साली. तोवर तिला तिथे चाळीस वर्षं झाली होती. झाडलोट, किल्ली, स्टोव्ह पेटवणं, सभेची पत्रं पाठवणं, कोण आजारी आहे, कोणी वर्गणी मागायची नाही, सगळं तिच्याकडे. मी पोस्टमन. सुट्टीच्या दिवशी डोंगर रंगवायचो. माझी चित्रं बघून ती म्हणायची, "तार्चीझियो, तुझे डोंगर बरे आहेत रे. निदान अंगावर येत नाहीत." आम्ही तिला आन्ये म्हणायचो. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला तसंच म्हणतात, मावशी म्हटल्यासारखं.

मंडळाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण दोसोलीनाचं आयुष्य त्याच्याबाहेर फारसं नव्हतंच. १९२१ साली अकरा जणांनी ते काढलं. त्यातला एकही शिकलेला चित्रकार नव्हता. कोणी म्युनिकला घरं रंगवून आलेला, कोणी ग्राझला दुकानाच्या पाट्या काढणारा, दोघेतिघे देवळांच्या छतावर देवदूत काढणारे. काठावरच्या सात गावांतली ही माणसं. नाव ठेवलं, तालियामेंतो डाव्या काठचं चित्रकार मंडळ. पहिल्याच सभेत त्यांनी एक नियम केला. नवीन येणाऱ्यानं आपल्या आधी आलेल्याचा चेहरा काढायचा आणि मंडळाला द्यायचा. दोन वीत उंच, दीड वीत रुंद, त्याहून मोठा नाही. दुसऱ्यानं पहिल्याचा काढला, तिसऱ्यानं दुसऱ्याचा. असं करत करत वरच्या खोलीत चेहऱ्यांची रांग लागली. मी एकोणसाठावा सभासद. भिंतीवर चेहरे अठ्ठावन्न. अठ्ठावन्नावा सेस्तोचा, तो मी काढलेला.

हे चेहरे टिकले ते दोसोलीनामुळे, आणि दर वेळी ती थरथरतच होती. १९३८ मध्ये फॅसिस्टांचा काळा शर्ट घातलेला एक अधिकारी ऊदिने शहरातून आला. चौदाव्या नंबरचा सभासद ओलिव्हो फ्रान्सला पळून गेला होता आणि तिथून सरकारच्या विरोधात पत्रकं छापत होता. अधिकारी म्हणाला, हा चेहरा इथे दिसता कामा नये. दोसोलीनाच्या हातून बादली पडली. तो गेल्यावर तिनं ते चित्र उतरवलं, उलटं केलं आणि त्याच खिळ्यावर तोंड भिंतीकडे करून लावलं. अध्यक्षांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "दिसता कामा नये म्हणाले होते. आता दिसत नाही." ओलिव्हो सात वर्षं भिंतीकडे बघत राहिला.

मग चव्वेचाळीस साली जर्मनांनी आमच्या डोंगरांत आपल्या बाजूचे रशियन कोसॅक घोडेस्वार आणून बसवले, घोडे, बायका, गाड्या, सगळ्यांसकट. मंडळाच्या इमारतीत तीस जण उतरले. खुर्च्या, चित्रं ठेवायच्या घोड्या, चौकटी, जे सापडेल ते त्यांनी स्टोव्हमध्ये घातलं. दोसोलीना रोज झाडायला जायची. कोणी बोलावलं नव्हतं. पण गेली नाही तर संशय घेतील याची तिला जास्त भीती वाटायची. एक दिवस एक दाढीवाला वरच्या खोलीत शिरला आणि पहिल्या चित्राला हात घालणार, तेवढ्यात ही त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली. तिनंच मला सांगितलं, "पाय गेले रे माझे. बसले नाही, पडले." पण दाढीवाल्याला वाटलं, बाई प्रार्थना करतेय. त्यानं त्या ओळीनं लावलेल्या मिशाळ, दाढीवाल्या, गंभीर चेहऱ्यांकडे बघितलं, टोपी काढली आणि छातीवर क्रूसाची खूण केली. त्याला ते संत वाटले. दोसोलीनानं त्याचा गैरसमज दूर केला नाही. लढाई संपेपर्यंत त्या खोलीत मेणबत्ती जळत होती. ज्यांच्यापुढे जळत होती त्यांत दोन पक्के दारुडे होते.

हे सगळं ती हसत सांगायची. सहा मे १९७६ नंतर मात्र तिचं हसणं थांबलं.

त्या दिवशी काय झालं ते आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. एकोणसाठ सेकंदांचा भूकंप. डोंगराखाली ओर्कोलात नावाचा राक्षस झोपलेला आहे आणि त्यानं कूस बदलली की जमीन हलते, असं आम्ही लहानपणी ऐकलं होतं. त्या दिवशी तो नुसता कुशीवर वळला नाही, उठून बसला. कोलसोरेतमध्ये त्र्याऐंशी माणसं गेली. त्यांत मंडळाचे पाच सभासद. सेस्तो त्यांतला एक. बाकीचे चौघे आपापल्या घराखाली दबून गेले, सेस्तो मंडळाच्या जिन्याखाली सापडला. सभा आटोपून निघायच्या वेळेला भूकंप झाला आणि तो आत राहिला, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

दोसोलीना वाचली. तिचं घर पडलं नव्हतं, नुसतं फाटलं होतं. पण ती पुन्हा कुठल्याच छपराखाली गेली नाही. लष्करानं दिलेल्या तंबूतसुद्धा नाही. मैदानाच्या टोकाला तुतीचं एक जुनं झाड होतं, त्याच्या बाजूला, फांद्यांच्याही बाहेर, तिनं गादी टाकली. पाऊस आला की वर मेणकापड ओढून घ्यायची. लष्कराच्या भटारखान्यातलं सूप उभ्यानं प्यायची. बसलं तर उठायला वेळ लागतो म्हणून. चपला घालूनच झोपायची. दिवसातून तीनचारदा बारीक हादरे यायचे, भांडी किणकिणायची. तेव्हा ती दोन्ही हातांनी गवत मुठीत धरायची आणि हादरा थांबल्यावरही बराच वेळ सोडायची नाही.

गावात माणसं दुःखातसुद्धा थट्टा करतात. भटारखान्याच्या रांगेत कोणीतरी म्हणायचं, "आन्ये, आकाशाकडे पण लक्ष ठेवा हं, त्याला तडा गेलाय." ती उत्तर देत नसे. पूर्वी दिलं असतं.

एक गोष्ट मला खटकली होती. ती नोर्माला टाळायची. नोर्मा म्हणजे सेस्तोची बायको, चाळिशीची, धिप्पाड, बोलायला फटकळ. स्वित्झर्लंडमध्ये दोघांनी चौदा वर्षं काम करून घर बांधलं होतं. ते घर पुरं झालं नि दोन वर्षांत पडलं. नोर्मा रांगेत दिसली की दोसोलीना सूप न घेताच परत फिरायची.

जूनमध्ये बंबवाले मंडळाच्या इमारतीत शिरले. खालच्या दालनातली मोठी चित्रं त्यांनी बाहेर काढून ऊदिनेला पाठवली. वरची खोली शिडी लावून खिडकीतून बघितली. भिंती मोकळ्या होत्या. एकही चेहरा नव्हता. गावात कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं चोरीला गेले, कोणी म्हणालं बाहेरगावच्या मदतवाल्यांनी नेले. आमचे अध्यक्ष जेलिंदो मेस्त्री अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. जन्मभर देवळांच्या छतांखाली पाठीवर झोपून रंगवल्यामुळे त्यांची मान वाकडी झाली होती. त्यांनी दोसोलीनाला दोनदा विचारलं. ती दोन्ही वेळा म्हणाली, "माहीत नाही, मेस्त्री." मेस्त्रींनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. मला मात्र म्हणाले, "हिला माहीत आहे. पण हिच्या घशात काहीतरी अडकलंय."

सप्टेंबरच्या दहा तारखेला, शुक्रवारी, सकाळी मी तुतीपाशी गेलो. दोसोलीनाच्या भावाचं कॅनडाहून पत्र आलं होतं. पत्र हातात देतोय तोच नोर्मा मैदान ओलांडून सरळ आमच्याकडे आली. दोसोलीना उठायला गेली.

"उठू नकोस आन्ये," नोर्मा म्हणाली. "मी काही खात नाही तुला. मला एकच विचारायचंय."

"काय?"

"इमारतीवर लाल फुली मारलीय. सोमवारी पाडणार आहेत. सेस्तोचा चेहरा कुठे आहे?"

तो चेहरा मी काढला होता. नाक जमलं नव्हतं, हे मलाही माहीत होतं.

नोर्मा खाली बसली. तिचा आवाज एकदम उतरला. "घरातला एक फोटो सापडला नाही गं. लग्नाचा नाही, पासपोर्टवरचा नाही. सगळं दळून निघालं. मला शेवटचं बघूही दिलं नाही, म्हणाले बघू नका. आणि आता... काल मला आठवेना, तो भांग कुठल्या बाजूला पाडायचा. सोळा वर्षं रोज सकाळी बघितलंय मी. आठवलाच नाही."

दोसोलीनानं गवत मुठीत धरलं. जमीन हलत नव्हती.

"डावीकडे," ती म्हणाली. मग तिनं सांगायला सुरुवात केली, आणि एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना.

मंडळाला पंचावन्न वर्षं होणार म्हणून वरच्या खोलीला चुना द्यायचा होता. त्या आठवड्यात तिनं आणि सेस्तोनं मिळून सगळे चेहरे उतरवले, जुन्या चादरींत बांधले आणि धुराड्याशेजारी लाकडी तक्त्यांच्या मागे जी पोकळी आहे तिच्यात ठेवले. पोकळीचं दार ओळखू येत नाही, सगळे तक्ते सारखेच दिसतात. त्या दिवशी सभा संपली, सगळे गेले. ती कुलूप लावायला खाली उंबरठ्याबाहेर उभी होती आणि बघते तर वरच्या खोलीतला दिवा तसाच. सेस्तो सायकलवर बसलेला होता.

"मी त्याला हाक मारली," दोसोलीना म्हणाली. "म्हटलं, सेस्तो, बाबा, तेवढा दिवा घालवून ये. मला तो जिना नको वाटतो. तो म्हणाला, एवढी म्हातारी झालीस आन्ये, अजून जिन्याला भितेस? हसला, सायकल भिंतीला लावली नि वर गेला. शीळ घालत होता. दिवा गेला. शीळ जिन्यात आली. आणि मग..."

नोर्मा तिच्याकडे एकटक बघत होती. मला वाटलं, आता ही मारेल. मी पोस्टाची पिशवी दोघींच्या मध्ये सरकवली, उगीचच.

"चार महिने," नोर्मा म्हणाली. "चार महिने तू हे पोटात ठेवलंस."

"हो."

"मी रोज विचार करत होते, सगळे गेल्यावर हा एकटा आत काय करत होता. मला काय काय वाटलं, तुला माहीत आहे?"

"नाही."

"नसूच दे." नोर्मा उठली. स्कर्टला चिकटलेलं गवत तिनं एकेक करून काढलं. "चल. बंबवाल्यांना सांग, ती पोकळी कुठे आहे. रडणं नंतर."

बंबवाल्यांचा प्रमुख बोनिस्ताल्ली तोस्काना प्रांताचा होता. त्यांचं पथक मे महिन्यापासून आमच्याकडेच होतं. त्यानं ऐकून घेतलं आणि सरळ नाही म्हणाला. जिना नाही, छताचा अर्धा वासा लोंबतोय, खालच्या भिंतीला हात आत जाईल एवढी भेग. माणसांसाठी जीव धोक्यात घालू, चित्रांसाठी नाही. त्याचं चूक नव्हतं. मग जेलिंदो मेस्त्री आपली वाकडी मान घेऊन त्याच्या तंबूत गेले आणि तासभर बसले. काय बोलले कोणास ठाऊक. बाहेर आल्यावर बोनिस्ताल्ली म्हणाला, "उद्या पाच वाजता. एक माणूस, एक शिडी, अर्धा तास. सापडलं तर सापडलं."

शनिवारी पाच वाजता मागच्या बागेत आम्ही जमलो. मेस्त्रींना खुर्ची दिली होती. नोर्मा भिंतीपासून ठरावीक अंतरावर बांधलेल्या दोरीला खेटून उभी होती. माझ्या हातात वही, कारण चित्रांच्या मागे नावं नव्हती. नावं भिंतीवर लिहिलेली असायची आणि भिंतीची तर वाट लागली होती. कुठला चेहरा कोणाचा ते फक्त दोसोलीनाला ठाऊक. ती सगळ्यांत लांब, कुंपणाला पाठ लावून.

बोनिस्ताल्लीचा एक पोरगेला जवान, एत्तोरे, खिडकीतून आत गेला. आम्ही तक्त्यांवरचे ठोके ऐकत राहिलो. वीस मिनिटांनी त्यानं डोकं बाहेर काढलं. "सगळे तक्ते एकसारखे आहेत. एकही हलत नाही."

"धुराड्यापासून चौथा," दोसोलीना लांबून ओरडली.

"चौथा बघितला. पाचवा पण बघितला. भिंत वाकलीय, सगळे अडकलेत."

"खाली डाव्या कोपऱ्यात पायानं दाब आणि वरून ओढ."

पुन्हा ठोके. वरून चुन्याची भुकटी पडली. बोनिस्ताल्लीनं घड्याळ बघितलं. "कुऱ्हाडीनं फोडू?" एत्तोरेनं विचारलं. बोनिस्ताल्ली म्हणाला, "फोडलंस तर अख्खी भिंत खाली येईल. उतर."

नोर्मानं मागे वळून दोसोलीनाकडे बघितलं नाही. मला वाटतं तिनं बघितलं असतं, रागानं किंवा कसंही, तर दोसोलीना जागची हलली नसती.

ती कुंपणापासून निघाली. चालणं असं, की पाय दुसऱ्या कोणाचे आहेत. बोनिस्ताल्लीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मला येतो तो उघडायला. हातांना माहीत आहे. सांगता येत नाही."

"बाई, तुम्ही तंबूत सुद्धा जात नाही म्हणे."

"नाही जात."

"मग?"

"मग काय. तुम्ही शिडी धरा."

तो नाहीच म्हणत होता. मेस्त्री खुर्चीतून म्हणाले, "प्रमुखसाहेब, ही चाळीस वर्षं घाबरत घाबरतच सगळं करत आली आहे. हिला सवय आहे." एवढं होईपर्यंत सहा वाजत आले. शेवटी त्यानं तिच्या डोक्यावर हेल्मेट घातलं, कमरेला दोर बांधला आणि सांगितलं, "दहा मिनिटं. मी मोजतोय."

शिडीच्या सतरा पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरीवर ती थांबायची. तिचे दात वाजत होते ते खाली ऐकू येत होते, खोटं सांगत नाही. खिडकीशी पोचल्यावर एत्तोरेनं तिला काखेत धरून आत घेतलं.

आत काय झालं ते नंतर एत्तोरेनं सांगितलं. जमीन एका बाजूला कललेली. ती भिंतीला घासत, डोळे मिटून गेली. डोळे मिटूनच तक्ते मोजले, चौथ्यापाशी टाच लावली, वर दोन बोटं घातली आणि तक्ता दारासारखा उघडला. त्यानं तेच अर्धा तास करून बघितलं होतं. तिनं डोळे उघडले, समोर चादरींची पाच गाठोडी. आणि ती तिथेच आडवी झाली. चक्कर आली होती. त्यानं गालावर थापट्या मारल्या तेव्हा पुटपुटली, "मोज, किती राहिलेत. किती राहिलेत ते मोज."

पहिलं गाठोडं दोराला बांधून खाली आलं. शेवटी ठेवलेलं आधी निघालं, म्हणजे सगळ्यांत नवीन चेहरे. दोरीपलीकडे नेऊन आम्ही ते उघडलं. सेस्तोचा चेहरा सगळ्यांत वर होता. नोर्मानं चित्र दोन्ही हातांत घेतलं, लांब धरलं, जवळ घेतलं.

"नाक चुकलंय," ती मला म्हणाली.

"हो."

"भांग बरोबर आहे." आणि ती कुंपणापाशी जाऊन पाठ करून उभी राहिली.

दुसरं गाठोडं आलं, तिसरं आलं. दहा मिनिटं होऊन गेली होती, बोनिस्ताल्ली खालून ओरडत होता. चौथं खिडकीत अडकलं, एत्तोरेनं ते तिरकं करून सोडलं. साडेसहा होऊन गेले असतील. मी वहीवर मान घालून गाठोड्यांचा नंबर लिहीत होतो. आधी कुत्री भुंकली. मग तो आवाज आला, जमिनीच्या आतून येणारा, मे महिन्यात ऐकलेला. पेन्सिल कागदावर आपोआप रेघा ओढायला लागली.

मेस्त्रींची खुर्ची उलटली. इमारत समोर कागदासारखी हलत होती. कौलं घसरत बागेत येत होती आणि खिडकी धुळीनं भरून दिसेनाशी झाली. शिडी भिंतीवरून उडून पुन्हा आपटली. बोनिस्ताल्ली नि दुसरा एक जण तिला मिठी मारून धरत होते. कोणी ओरडलं नाही. आवाज सगळा जमिनीचाच.

थांबल्यावर धूळ खाली बसेना. बोनिस्ताल्ली हाका मारत होता, "एत्तोरे, एत्तोरे." मग खिडकीत आधी हेल्मेट दिसलं. हादरा सुरू झाला तेव्हा एत्तोरेनं तिला खिडकीच्या दगडी चौकटीखाली दाबून धरलं होतं. तेवढाच कोपरा जागेवर राहिला. लोंबणारा वासा धुराड्यावर पडला होता आणि पाचवं गाठोडं त्याच्यामागे गेलं होतं.

"उतरा, लगेच," बोनिस्ताल्ली म्हणाला.

ती उतरेना. तिची बोटं चौकटीतून सुटत नव्हती. एत्तोरे एकेक बोट सोडवत होता, पण एक सोडवलं की दुसरं घट्ट. मी खाली उभा राहून नुसता बघत होतो. तेव्हा नोर्मा दोरी ओलांडून पुढे आली. सेस्तोचं चित्र तिनं माझ्या हातात कोंबलं आणि शिडीच्या पायथ्याशी जाऊन दोन्ही हातांनी शिडी धरली.

"आन्ये," ती वर बघून म्हणाली, अगदी साध्या आवाजात, बाजारात बोलल्यासारखं. "मी धरलीय. पाय खाली टाक. डावा आधी."

"पाचवं राहिलं," वरून आवाज आला.

"राहू दे. डावा."

डावा पाय आला. मग उजवा. सतरा पायऱ्या. नोर्मा प्रत्येक पायरीला पाय सांगत होती. दोसोलीना खाली पोचली, तिला आम्ही ओढत कुंपणापर्यंत नेलं, एत्तोरे उडी मारून आला, आणि तेवढ्यात दुसरा हादरा आला. पहिल्यापासून चार मिनिटं झाली होती, हे नंतर रेडिओनं सांगितलं. वरच्या खोलीची ती भिंत, खिडकीसकट, आमच्या देखत आत कोसळली.

दोसोलीनानं गवत धरलं नव्हतं. तिचे हात नोर्माच्या दंडावर होते, आणि तिथे नंतर आठवडाभर निळे डाग राहिले.

उरलेली इमारत पंधरा तारखेच्या मोठ्या भूकंपात गेली. पाडावी लागली नाही. पाचव्या गाठोड्यात पहिले अकरा चेहरे होते, मंडळ काढणाऱ्यांचे. एक मेस्त्रींच्या बापाचा होता. मेस्त्रींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "सत्तेचाळीस आले. बरे आले." मग दोन दिवस जेवले नाहीत.

हिवाळ्यात सरकारनं आम्हाला समुद्रकाठी, लिन्यानोच्या रिकाम्या हॉटेलांत हलवलं. दोसोलीनाला पाचव्या मजल्यावर खोली मिळाली. ती तिथे एक दिवसही राहिली नाही. किनाऱ्यावर कपडे बदलायच्या ज्या फळकुटाच्या खोल्या असतात, त्यांतली एक तिनं मागून घेतली आणि जानेवारीच्या वाऱ्यात तिथे राहिली. तिथेच बसून तिनं मला सगळ्या सत्तेचाळीस चेहऱ्यांची नावं सांगितली. कोण कुठला, कोणाला किती मुलं, कोण सभेत झोपायचा. वही भरली. मंडळाचा जो काही इतिहास आज लिहिलेला आहे तो त्या वहीतला. अकरा गेलेल्यांचे चेहरे कसे होते तेही तिनं सांगितलं, भुवया, कान, मिशांची टोकं, आणि मेस्त्रींनी ते ऐकून काढायला घेतले. चार झाले. मग मेस्त्री वारले.

नियमाप्रमाणे कुठलाही चेहरा मंडळाबाहेर जात नाही. सेस्तोचा नोर्माकडे राहिला. त्यावर सभेत कोणी चकार शब्द काढला नाही.

नोर्मानं तिला माफ केलं का, हे लोक मला अजून विचारतात. मला ठाऊक नाही. त्या दोघी त्या विषयावर पुन्हा बोलल्याचं मी ऐकलं नाही. कोलसोरेतला परत आल्यावर दोघींना शेजारशेजारची लाकडी घरं मिळाली, तात्पुरती म्हणून. सहा वर्षांनी पक्की घरं बांधून झाली तेव्हा नोर्मा तिकडे राहायला गेली. दोसोलीनानं किल्ली घेतली नाही. म्हणाली, दगड नको, लाकूड अंगावर पडलं तर निदान हातानं बाजूला करता येतं. नोर्मा दर गुरुवारी तिच्याकडे फ्रीको घेऊन जायची, चीज आणि बटाट्याचं, धिरड्यासारखं, कुरकुरीत. दार सताड उघडं ठेवून दोघी जेवायच्या, थंडीतसुद्धा, आणि नोर्मा दर वेळी कुरकुरायची, "बंद कर गं ते, पाय गारठले माझे." दोसोलीना बंद करत नसे.

ती एक्क्याण्णव साली गेली, झोपेत, पायात चपला. भीती शेवटपर्यंत होती. ट्रक गेला आणि खिडकी वाजली तरी ती उठून अंगणात यायची. एकदा मी पत्र द्यायला गेलो असताना तसं झालं. ती बाहेर उभी, हात छातीवर, ओठ पांढरे. मी म्हटलं, "आन्ये, ट्रक होता." ती म्हणाली, "माहीत आहे रे. मला दिसला. दे पत्र."